शेवंतेच्या गळ्यात टेप

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात हे घडलं. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशील मुद्दाम बदलले आहेत. मी तिथल्या वाचनालयाचं काम बघते. आधी मराठी शाळेत शिकवत होते, त्यामुळे सगळे अजून 'बाई'च म्हणतात.

वाचनालय म्हणजे पंचायतीची एक जुनी खोली, चार कपाटं, दोन पेपर आणि एक लांब बाकडं. पुस्तकं न्यायला येणारे कमी, पेपर वाचत बसणारे जास्त. २०१९ च्या जानेवारीत झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' या कोकणातल्या, मालवणी बोलीतल्या भुताच्या मालिकेचा दुसरा भाग सुरू झाला आणि बाकड्यावरचा विषय बदलला. रात्री साडेदहाची मालिका संपेपर्यंत जागलेली माणसं सकाळी पेपराच्या निमित्तानं यायची आणि कालच्या भागावर तावातावानं बोलायची. मी म्हटलं, बोलताच आहात तर शनिवारी संध्याकाळी पाचला नीट बसून बोलू. मुरमुऱ्याचं भडंग आणि चहा माझ्याकडून. पहिल्या शनिवारी सात जण आले, महिन्याभरात वीसच्या घरात गेलो. पावसाळ्यात वीज जायची तेव्हा मेणबत्ती लावून बसायचो, आणि भुताची मालिका असल्यामुळे कुणाची तक्रार नसायची.

आमच्याकडच्या बोलीत मालवणी पूर्ण परकी नाही, पण सगळी कळतेच असंही नाही. कणकुंबीकडची एक सून बैठकीत होती, ती 'झिल', 'चेडू', 'खंय' उलगडून सांगायची. मालिकेतल्या विसरभोळ्या पांडूचं 'इसारलंय' मात्र कुणाला सांगावं लागलं नाही, आठवडाभरात शाळेतल्या पोरांचा गृहपाठही 'इसारलंय' झाला.

आमची एक गंमत वेगळी होती. मालिकेतला अण्णा नाईक म्हणजे वाड्याचा मालक, पैसेवाला, बाईवेडा, खुनशी. आणि आमच्या भागात, कानडीच्या शेजारानं म्हणा, वडीलधाऱ्या कुठल्याही पुरुषाला अण्णाच म्हणतात. बाकड्यावर एका वेळी तीन-तीन अण्णा बसलेले असायचे. "अण्णानं गळा दाबला" म्हटलं की कोपऱ्यातून आवाज यायचा, "मी न्हाई हां!" त्यातले एक फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना पोरं 'अण्णा नाईक' म्हणायला लागली, आणि त्यांना ते आवडायचं. मान किंचित तिरकी करून, डोळे बारीक करून बघायचे. हे मी त्या वेळी फक्त गंमत म्हणून पाहिलं.

बैठकीत काय चालायचं

सुरुवातीला वाद कथानकाच्या मांडणीवर होता आणि तो खरोखर चांगला वाद होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिला भाग आला तेव्हा कथा अण्णाच्या मरणापासून सुरू झाली होती. दुसरा भाग मागे गेला, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. डिप्लोमा करणारा एक मुलगा म्हणायचा, "शेवट आधीच फोडला की. आता बघायचं काय?" त्याला एका म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, "आमच्या यात्रेत नाटक दरवर्षी तेच, व्हिलनही तोच. तरी पुढची जागा धरायला चटया सकाळीच पडतात की नाही?" मग तासभर यावर बोलणं झालं. माणूस मरणार हे ठाऊक असताना त्याला जिवंत बघणं वेगळं असतं. 'काय होणार' सुटतं आणि 'कसं झालं' हातात राहतं. तिथं आम्ही चांगले वाचक होतो, असं आजही वाटतं.

भुतांबद्दल आम्ही आधीच सावध होतो. २०१६ मध्ये मालिका सुरू झाल्या झाल्या कोकणातून अंधश्रद्धेच्या मुद्द्यावर आक्षेप आले होते. कर्नाटकात अमानुष प्रथा आणि काळ्या जादूविरोधातला कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला होता. वाचनालयाच्या समितीतल्या एकानं विचारलं होतं, "बाई, उद्या कुणी म्हणेल वाचनालयात भानामती शिकवतात." म्हणून नियम केला की मालिकेतल्या भुतावर बोलायचं, गावातल्या भुतावर नाही. कुणाच्या अंगात येतं, कुठल्या विहिरीवर काय दिसतं, हे आणायचं नाही. तो नियम सगळ्यांनी पाळला. गावातल्या माणसांबद्दल नियम करावा असं मात्र कुणालाच सुचलं नाही, मलाही.

अडचण

बैठकीत एक बाई यायची. तिशी ओलांडलेली, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन माहेरी आलेली, घरी ब्लाउज शिवणारी. तिला सगळे वैनी म्हणत, मीही इथं तेच म्हणते. हूक लावायचे ब्लाउज पिशवीत घेऊन यायची आणि बोलता बोलता सुई चालायची. आमच्यातली सगळ्यात बारीक नजर तिची. मालिकेतली शेवंता म्हणजे पाटणकराची बायको, अण्णाशी संबंध ठेवणारी. पाटणकराच्या घरात आणि नाईकांच्या वाड्यात तिचा पदर कसा वेगळा असतो, हे पहिल्यांदा तिनंच दाखवलं.

जुलैतल्या एका शनिवारी विषय होता, वाईट कोण, अण्णा की शेवंता. बहुतेकांचं मत ठरलेलं. लग्न झालेली बाई, दुसऱ्याच्या नवऱ्याच्या मागं लागली, वाड्यावर डोळा. माईची, अण्णाच्या बायकोची, बाजू घेणाऱ्या बायकाच जास्त कडक होत्या. वैनी सुईतला दोरा दातांनी तोडत म्हणाली, "वाड्यावर डोळा म्हणता. मला तसं वाटत न्हाई. तिला कुणीतरी दारात उभं राहून 'ये' म्हणायला पायजे होतं. त्यानं रात्रीचं बोलावलं, दिवसा कधी बोलावलं न्हाई."

क्षणभर खोली शांत झाली. मग फौजी अण्णा म्हणाले, "शेवंतेचं दुखणं शेवंतेलाच कळतंय."

सगळे हसले. वाक्य जमलं होतं, हे खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. त्या हसण्यामागं काय होतं तेही मला ठाऊक होतं. गावातल्या एका भात गिरणीवाल्याच्या मोटारसायकलवरून वैनी दोन-तीनदा अस्तर आणि फॉल आणायला बेळगावला खडेबाजारात गेली होती. तेवढ्यावर गाव बोलत होतं. वैनी खाली बघत पुढचा हूक लावत राहिली. पुढच्या शनिवारी आली नाही. मला वाटलं, शिवणाची गर्दी असेल, नागपंचमी जवळ आली. ऑगस्टात महापूर आला, रस्ते पाण्याखाली गेले, बैठका आपोआपच बंद पडल्या. त्या गडबडीत तिचं न येणं झाकलं गेलं.

ते उघडं पडलं गणपतीत. २ सप्टेंबरला गणपती बसले आणि सातव्या रात्री मंडळाचा वेशभूषेचा कार्यक्रम होता. एक पोरगा अण्णा नाईक होऊन आला. धोतर, काळा कोट, हातात काठी. शिट्ट्या वाजल्या, माईकवरून बक्षिसं पुकारली गेली, फौजी अण्णांनी स्वतः पन्नास दिले. त्याच्या मागून दुसरा पोरगा शेवंता होऊन आला. घट्ट ब्लाउज, मोगऱ्याचा गजरा, मालिकेतल्यासारखी चाल. इथपर्यंत ठीक. पण त्याच्या गळ्यात शिवणाची पिवळी टेप होती.

मालिकेतल्या शेवंतेला टेप नाही.

मंडपातल्या प्रत्येकाला कळलं. मी दुसऱ्या ओळीत बसले होते. वैनीची मुलगी, आठवीतली, बायकांच्या बाजूला मैत्रिणींबरोबर होती. तिनं टेप बघितली, उठली, आणि चप्पल न घालताच निघून गेली.

पुढं काय करता आलं असतं

पहिला निर्णय तिथंच, मंडपात घ्यायचा होता. उठून माईक घ्यायचा आणि कार्यक्रम थांबवायचा. मी उठले नाही. मनात आलं की थांबवलं तर ज्यांना कळलं नाही त्यांनाही कळेल. आता विचार करते तर ही पळवाट होती. कळलं नाही असं कुणी उरलंच नव्हतं.

रात्री घरी येऊन मी वहीत पर्याय लिहिले, शाळेतली सवय.

बैठकच बंद करायची, हा सगळ्यात सोपा. पण बैठक बंद पडली तर ती वैनीमुळे पडली, असंच गाव म्हणालं असतं. पंचायतीत किंवा पोलिसांत तक्रार द्यायची, हाही मार्ग होता. तक्रार तिच्या नावानं जाणार, कागद कानडीत होणार, आणि तिला प्रत्येक टेबलावर तीच गोष्ट सांगावी लागणार. मंडळाकडून जाहीर माफी मागवायची, हा मला सगळ्यात बरोबर वाटला. फौजी अण्णांना एकटं गाठून बोलायचं, हा सगळ्यात अवघड, कारण ते माझ्या वडिलांच्या वयाचे आणि मनानं वाईट नाहीत. शिवाय चर्चेची रीतच बदलायची, म्हणजे 'ती कशी आहे' याऐवजी 'लेखकानं तिला असं का केलं' हे विचारायचं.

या यादीत एक ओळ नव्हती. वैनीला काय हवंय, हे मी वैनीला विचारायचं राहिलं होतं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मंडळाच्या अध्यक्षाला गाठलं. पोरगा माझाच विद्यार्थी. लाजला, म्हणाला, "बाई, विसर्जनाच्या आधी माईकवरून माफी मागतो." मला बरं वाटलं, काम झालं असं वाटलं.

मग ब्लाउजपीस घेऊन वैनीकडे गेले. निमित्त हवं म्हणून. ती मशीनवर होती. मी माफीचं सांगितलं. तिनं पायडल थांबवलं नाही.

"बाई, माफी मागायला माईक लागतोय. म्हणजे परत सगळ्यांनी ऐकायचं, माझ्याच नावानं."

मी गप्प बसले. ती म्हणाली, "ते पोरगं लहान हाय. त्याला काय कळतंय? खरं त्या दिवशी तुम्ही पण हसला होता."

यावर मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. माप घेताना तिनं टेप माझ्या खांद्यावर लावली आणि आकडे मुलीला सांगितले. मुलीनं मान वर न करता वहीत लिहून घेतले. जाता जाता मी विचारलं, "मग तुला काय पायजे?" तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पोरांच्या फोनमधला व्हिडिओ जायला हवा. आणि शाळेच्या वाटेवर पोरं तिच्या मुलीला बघून मालिकेची धून वाजवतात, ते थांबायला हवं. "मला काय म्हणायचं ते म्हणा. मी शिवतो, खातो. तिला नको."

मला परत अध्यक्षाकडे जाऊन ठरवलेली माफी रद्द करायला सांगावं लागलं. हा उलटा फेरा फार अवघड गेला. पोरांना वाटलं बाईंचं काही ठरत नाही. तरी त्यानं एक शहाणपणाचं केलं. मंडळाच्या पोरांना खोलीत बसवून एकेकाचा फोन समोर ठेवून व्हिडिओ काढायला लावला. तोपर्यंत बाहेर किती गेला होता, ते कोण सांगणार? शाळेच्या वाटेचं काम मी घेतलं. पंधरा दिवस सकाळी त्या वाटेनं चालत गेले. कुणाला काही बोलले नाही, नुसती चालत गेले. धून थांबली.

फौजी अण्णांकडे जायला मला तीन आठवडे लागले. त्यांना आपण काय बोललो ते आठवतच नव्हतं. आठवण करून दिल्यावर म्हणाले, "अगं, मला पण अण्णा नाईक म्हणतात की. मी कधी वाईट वाटून घेतलं?" मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला तसं म्हटल्यावर बक्षीस मिळतंय. तिला काय मिळालं?" ते बराच वेळ अंगणातल्या पेरूकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे खरं हाय." एवढंच. पण त्यानंतर कुणी त्यांना अण्णा नाईक म्हटलं की ते मान तिरकी करत नव्हते.

माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथं आहे. एकाच कथेतली दोन माणसं, एकाच पापातली. खून अण्णाचे, जमिनी हडपल्या त्या अण्णानं. गावानं त्याच्या नावाचा मान केला आणि तिच्या नावाची शिवी. मालिका लिहिणाऱ्यांनी अण्णाला लाडका केला असंही नाही. तो क्रूरच दाखवला आहे. लाडका आम्ही केला, बाकड्यावर बसून. लेखकाच्या डोक्यावर सगळं टाकता येत नाही, पण ज्याला सगळी चटकदार वाक्यं मिळतात तोच लोकांच्या तोंडात बसतो, हा विचार लिहिणाऱ्यानं करावा, असं वाटतं.

बैठक दसऱ्यानंतर पुन्हा सुरू झाली. या वेळी दोन नियम होते. गावातल्या कुणाशीही तुलना नाही, कौतुकाचीसुद्धा नाही. आणि प्रत्येकानं एक प्रश्न लेखकाला विचारायचा, पात्राला नाही. पहिले दोन शनिवार कंटाळवाणे गेले. सगळे बोर्डाच्या परीक्षेसारखे बसायचे. जान आली ती डिसेंबरात. एक आजी दरवर्षी रांडाव पुनवेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, सौंदत्तीला जाते. यल्लम्माचा, म्हणजे रेणुकेचा, भंडारा लावून परत आली आणि बसल्या बसल्या म्हणाली, "शेवंतेचं सोडा. रेणुकेनं काय केलं होतं? पाण्यात राजा-राणी खेळताना नुसतं बघितलं. मन हललं, तेवढंच. नवऱ्यानं ओळखलं आणि पोराकडून मान उडवली. आणि आता त्याच मानेला आम्ही डोंगर चढून जातोय. मग शेवंतेनं वाड्यात भूत होऊन यायचं नाही तर काय करायचं?"

त्या शनिवारी वीज नव्हती. साडेसातपर्यंत कुणी उठलं नाही. माझ्या हिशेबानं या बैठकीत झालेलं ते सगळ्यात चांगलं बोलणं. वैनी ते ऐकायला नव्हती.

काय झालं

मार्च २०२० ला टाळेबंदी आली आणि बैठक बंद पडली. ऑगस्टमध्ये मालिकेचा दुसरा भाग संपला, तो ज्यानं त्यानं आपापल्या घरी बघितला. वैनी बैठकीला परत आली नाही, आजवर नाही. तिची मुलगी मात्र पुस्तकं न्यायला येते, बहुतेक शनिवारी पाचच्या आधी, म्हणजे कुणी आलेलं नसतं. गिरणीवाल्याच्या गाडीवरून वैनी जात नाही, बसनं जाते. त्यामुळे तिचा अख्खा दिवस मोडतो.

वैनीचं 'शेवंता' हे टोपणनाव पूर्ण गेलं असं म्हणता येणार नाही. २०२१ च्या मार्चमध्ये तिसरा भाग आला, अण्णा आणि शेवंता भूत होऊन परतले, आणि त्याच वर्षी शेवंतेची भूमिका करणारी अभिनेत्री बदलली. अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. गावात त्यावर खूप बोलणं झालं. हीच का खरी, तीच का खरी. मी ब्लाउज आणायला गेले तेव्हा वैनी काजं करत होती. म्हणाली, "टीव्हीवरची शेवंता बदलली बघा बाई. गावातली अजून तीच हाय."

म्हणाली ती हसत. मी या वेळी हसले नाही, आणि ते तिला आवडलं की नाही, कळलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

जुलैतला तो शनिवार. मी तेव्हाच्या तेव्हा साधं म्हणू शकले असते, "अण्णा, वैनीचा मुद्दा राहिला, तो आधी पुरा होऊ दे." रागावायची गरज नव्हती. बैठक चालवणाऱ्यानं विषय परत मालिकेकडे ओढला असता तर ते वाक्य एका संध्याकाळचं राहिलं असतं. ती खाली बघत हूक लावत राहिली, हे दिसत असून मी पुढच्याला बोलायला सांगितलं.

ती पहिल्यांदा आली नाही तेव्हा तिच्या घरी जायला हवं होतं, ब्लाउजपीस न घेता. तेव्हा मंडप नव्हता, टेप नव्हती, मुलगी यात नव्हती.

मंडळाशी आधी बोलले आणि तिच्याशी नंतर, ही उलटी पायरी. जिचं दुखतंय तिला शेवटी विचारलं. माफी रद्द करायला लागली म्हणून निदान नुकसान वाढलं नाही, पण त्यात माझी अक्कल नव्हती, तिची होती.

नियमाबद्दल मी अजून खात्रीनं बोलू शकत नाही. तुलना बंद केल्यावर माणसं सुरक्षित झाली, पण बोलणंही थोडं आखडलं. आजीनं रेणुका आणली तेव्हा ती तुलनाच होती की! फरक एवढाच की देवीशी तुलना कुणाच्या दारात जाऊन उभी राहत नाही. आता नव्यानं बैठक सुरू करायचं घाटतंय, वेगळ्या मालिकेवर. कणकुंबीकडची सून म्हणाली, "बाई, वैनीला बोलवा की." मी मुलीच्या हाती चिठ्ठी पाठवली आहे. तिनं ती पुस्तकात घातली, कुठल्या पानावर ते मी बघितलं नाही.